कोपऱ्यात काही नको

दर वर्षी कॉलेज सुरू झालं की नवी मुलं लॅबमध्ये येतात आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "मॅडम, एडिटर कुठला टाकू?" प्रश्न साधा आहे. एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहायची वही. कुणाला रेघांची आवडते, कुणाला कोरी. आमच्या लॅबची यंत्रं ज्या प्रणालीवर चालतात त्या लिनक्सवर अशा वह्या ढिगानं मिळतात, त्याही फुकट, आणि कुठलीही घेतली तरी प्रोग्राम तोच चालतो. तरी हा प्रश्न आला की मी उत्तर टाळते. मी "बघू, सांगते" म्हणते आणि उगाचच मागच्या रांगेतल्या वायरी तपासायला जाते. कारण एका एडिटरपायी आमच्या सरांची नोकरी गेली, आणि तो एडिटर मी निवडला होता.

सर म्हणजे वाशीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे ते. वाशी म्हटलं की लोकांना मुंबईकडची आठवते. ही आमची, धाराशिव जिल्ह्यातली. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, मग त्याच लॅबमध्ये सहायक म्हणून लागले. मी रोज ईट या गावाहून एसटीनं यायचे. स्वभावानं मी आधीच घाबरट. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, बस सुटायच्या अर्धा तास आधी फाट्यावर जाऊन उभी राहणार. सरांच्या लॅबमध्ये मात्र मला निवांत वाटायचं, कारण तिथं काळजी करायचं काम सर स्वतःच करत आणि माझ्यापेक्षा चांगलं करत.

त्यांचे शर्ट पांढरे असोत की निळे, उजव्या खांद्यावर कायम भिंतीचा चुना. व्हरांड्यातून चालताना ते खांदा भिंतीला घासत जात. शिपाईमामा रोज सकाळी तो खांदा झटकून देत आणि म्हणत, "सर, जरा मधून चालत जावा की. व्हरांडा काय तुमच्या एकट्याचा न्हाय, पर एवढा बी अरुंद न्हाय." सर म्हणत, "मामा, भिंत असली की भरवसा असतो." आम्ही हसायचो. बोलताना ते नुसती मान वळवत नसत, अख्खे वळत. चहाचा कप टेबलावर ठेवलेला त्यांना चालत नसे, हातातच द्यावा लागे. आणि बाजूनं कुणी आलं की ते इतके दचकत की समोरच्या पोराच्या अंगावर खडू उडे.

"समोरून येत जावा रे! माणूस हाय का मांजर?" असं ओरडत. मग दोन मिनिटांनी ज्याला ओरडले त्याचंच पान उघडून प्रेमानं चूक दाखवत.

वर्गातही त्यांचा एक नियम होता. मुलांनी मधल्या दोन रांगांतच बसायचं. चाळीस मुलं मध्ये दाटीवाटीनं आणि कडेची बाकं मोकळी. एकदा बाहेरून तपासणीला आलेल्या बाईंनी याचं कारण विचारलं, तर सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "कडंची पोरं झोपत्यात." बाईंनी ते लिहूनही घेतलं.

पण खरी गंमत त्यांच्या एडिटरची. पूर्वी, म्हणजे मी शिकत असताना, ते व्हीआय नावाचा एडिटर वापरत आणि त्याची इतकी तारीफ करत की आम्हाला वाटायचं, त्याच्याशी यांचं काहीतरी नातं असावं. मी सहायक म्हणून रुजू झाले त्या वर्षापासून मात्र दर दोन-तीन महिन्यांनी त्यांचा एडिटर बदलू लागला. पोरं पैजा लावत, या सत्रात कुठला. ईमॅक्स आला, तेव्हा तीन-तीन कळा एकदम दाबताना त्यांची बोटं आखडली. मग नॅनो आला. तो मला फार आवडला होता, कारण काय दाबायचं ते बिचारा स्वतःच तळाशी लिहून ठेवतो. सरांना नेमकं तेच खटकलं.

"खाली काय बडबडायलंय ते?"

"सर, मदत आहे ती. कुठली कळ कशासाठी ते सांगतंय."

"मी विचारलं का त्याला?"

रंगीत, खिडक्यांचे, डाव्या बाजूला फायलींची यादी दाखवणारे एडिटर तर एका दिवसात परत जात. सरांची परीक्षा ठरलेली होती. नवा एडिटर मी उघडून द्यायचा. ते दोन्ही तळवे कानशिलांना लावत, टांग्याच्या घोड्याला झापडं असतात तसे, आणि हनुवटी पडद्याला टेकेल इतके पुढं वाकत. थोडा वेळ बघत. मग म्हणत, "काढ. कोपऱ्यात लई काय काय हाय. कोपऱ्यात काही नको."

शेवटी त्यांनी जो शोधून काढला तो लिनक्सपेक्षाही जुना, दोनच अक्षरी नावाचा. त्याला वही म्हणणंसुद्धा धाडसाचं. पडद्यावर काहीच नाही. तुम्ही सतरा आकडा टाकला की तो फक्त सतरावी ओळ दाखवतो आणि गप्प बसतो. चूक केली तर एक प्रश्नचिन्ह टाकतो. काय चुकलं, कुठं चुकलं, काही नाही. नुसतं प्रश्नचिन्ह. सरांनी अक्षरं बोटाएवढी मोठी केली, आणि अख्खा प्रोग्राम डोक्यात धरून एकेक ओळ मागवत तासभर काम केलं. मग खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "हे बघ. याला म्हणतात सभ्य माणूस."

पोरांनी कपाळाला हात लावला. मला मात्र त्यात काहीतरी थोर दिसलं. मन एका ओळीवर ठेवायचं, आजूबाजूच्या गोंधळाकडं बघायचंच नाही, असा मी त्याचा अर्थ काढला. 'कोपऱ्यात काही नको' हे वाक्य मी जाड अक्षरांत लिहून लॅबच्या दारावर चिकटवलं. स्टाफरूममध्ये डबा खाताना यावर मी भाषणं दिली आहेत. एवढी भाषणं दिली, पण हे का, असं सरांना एकदाही विचारलं नाही. याची आता लाज वाटते.

सर तासिकेवर होते. म्हणजे दर जूनला मुलाखत, आणि निवड झाली तर पुढचं वर्ष. वीसेक वर्षं हेच चाललं होतं. मे महिना लागला की सर बेजार. नखं खात, डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालत आणि विचारलं तर "धुळीनं चुरचुरतंय" म्हणत. त्या वर्षी तर प्राचार्य नवे आले होते. त्यांनी जाहीर केलं की नुसती मुलाखत पुरे नाही, उमेदवारानं समितीसमोर प्रोग्राम लिहून, चालवून दाखवायचा. आणि एक दुसरा उमेदवारही होता, पुण्याहून शिकून आलेला, चटपटीत.

स्टाफरूममध्ये कुजबुज माझ्या कानावर येत होती. "सर अजून काळ्या पडद्यावर शिकवायलेत." "बाहेर कंपन्यांत काय वापरतात ते पोरांना ठाऊकच न्हाय." मला रात्रंदिवस तेच. समितीसमोर सर बसलेत, समोर काळा पडदा, एक ओळ, आणि मग ते प्रश्नचिन्ह. संस्थेचे सचिवसाहेब हसतात आणि दुसऱ्याचं नाव लिहितात. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सर लॅबमध्ये आले. "उद्याच्या यंत्रावर माझा एडिटर टाकून ठेव. बाकी काही नको."

"हो सर."

"नक्की गं?"

"नक्की सर."

आणि ते गेल्यावर मी बरोबर उलटं केलं. हल्ली सगळीकडं वापरतात तो मोठा एडिटर मी त्या यंत्रावर बसवला. डावीकडं फायली, खाली निकालाची खिडकी, चुकलं तर लाल नागमोडी रेघ, अर्धा शब्द लिहिला की पुढचा सुचवणारा. सरांच्या सवयीप्रमाणं अक्षरं मोठी ठेवली, पार्श्वभूमी काळी ठेवली, आणि यंत्र सुरू झालं की थेट तोच उघडेल अशी सोय केली. सरांना हे जमणार नाही असं मनातही आलं नाही. त्यांच्याइतकं प्रोग्रामिंग जिल्ह्यात कुणाला येत असेल असं मला वाटत नव्हतं. वाटलं, बघितल्यावर रागावतील, पण पाच मिनिटांत लिहून टाकतील, समिती खूश होईल आणि नंतर मी पाया पडून माफी मागेन. त्या दिवशी मी एसटीत चक्क शीळ घालत होते, बायकांच्या सीटवर बसून.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करून द्यायला मी भिंतीशी उभी होते. सर बसले. पडदा उजळला. त्यांनी तळवे कानशिलांकडं नेले, मग समिती बघतेय हे आठवून खाली घेतले.

"टर्मिनल कुठाय? तो साधा काळा पडदा?"

प्राचार्य म्हणाले, "सर, हाय त्यातच दाखवा की. पोरांना हेच शिकवायचंय आता."

सरांनी लिहायला सुरुवात केली. बोटं तशीच भराभर चालली. गुणांची यादी घेऊन पास-नापास सांगणारा प्रोग्राम, जो ते झोपेत लिहू शकले असते. मधेच त्यांनी 'एल्स', म्हणजे 'नाहीतर', लिहून एंटर दाबलं, आणि एडिटरनं आपल्या समजुतीनं अख्खा तुकडा कंसासकट घालून टाकला. सरांना ते कळलंच नाही. त्यांनी आपले कंस पुन्हा घातले. मला भिंतीपासून दिसत होतं, त्यांना हातभर अंतरावरून दिसत नव्हतं. लाल रेघा उमटल्या. खाली खिडकीत चुका ओळीनं येऊ लागल्या. उजव्या कोपऱ्यात एक चौकट उगवली आणि काहीतरी विचारू लागली.

"सर, ते लाल दिसायलंय बघा," सचिवसाहेब म्हणाले.

"कुठं?"

"ते काय, खाली. कोपऱ्यात."

"कुठल्या कोपऱ्यात?"

सचिवसाहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. आणि सर त्या बोटाच्या शोधात निघाले. मान डावीकडं, मग वर, मग सावकाश खाली, पडद्याला नाक लावून, अंधारात भिंतीवर बटण चाचपडावं तसे. बोट तिथंच होतं. भिंतीचा चुना, मधली बाकं, हातात द्यायचा कप, सभ्य माणूस, सगळं एका क्षणात मला उलगडलं आणि वाटलं, आत्ता पळत जाऊन प्लग काढावा. मी काढला नाही. मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

शेवटी सरच उठले. "आज जमंना. माफ करा," म्हणाले आणि भिंत धरून दारापर्यंत गेले.

मी मागं धावले. जिन्याच्या तोंडाशी ते थांबले होते. "कोण हाय?" म्हणाले. मी समोर गेले. "तू व्हय. उतरताना जरा हात दे." मी हात दिला. चार पायऱ्या उतरल्यावर ते म्हणाले, "काचबिंदू हाय. बार्शीच्या डॉक्टरकडं चार वर्सं चालूय. मधलं तेवढं धूसर दिसतंय, कडंचं गेलं. गेलेलं परत येत न्हाय म्हणतेत, राहिलेलं टिकवायचं."

"सर, सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगून? पुढच्या जूनला बोलावलं असतं का मला?"

आणखी दोन पायऱ्या उतरलो. मग त्यांनी विचारलं, "तो एडिटर कुणी टाकला गं?"

मी म्हणाले, "माहीत नाही सर. प्राचार्यांनी कुणाकडून तरी..."

"हं," म्हणाले. शेवटची पायरी उतरून हात सोडला आणि फाटकाकडं गेले. पुण्याहून शिकून आलेल्याची निवड झाली. तो वाईट नाही, आजही आमच्याकडं आहे. दारावरचा कागद मी त्याच दुपारी काढला.

सर येरमाळ्याला धाकट्या भावाकडं राहायला गेले. हायवेवर भावाचं टायरचं दुकान आहे, मागं दोन खोल्या. धाराशिवला जाताना माझी बस तिथं थांबते. पुढची तीन वर्षं बस येरमाळ्यात शिरली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघायचे. एकदा तर ओढणी तोंडावर घेऊन झोपल्याचं सोंग केलं. ज्या माणसाला कडेचं दिसत नाही त्याला बसमधली मी दिसेन ही भीती किती खुळी, हे कळत होतं. तरी मी ओढणी खाली घेतली नाही. फोन आला आणि नंबर अनोळखी असला की वाटायचं, सरच. आता विचारणार.

आणि एक दिवस खरंच सरांचा फोन आला. आवाज तसाच, घाईचा. "अगं, एक काम होतं. जुन्या पोरानं थोडं काम दिलंय मला, प्रोग्रामचं. आता ती एक ओळ बी नीट दिसंना. वाचून दाखवणारं काहीतरी असतंय म्हणं. मला एक एडिटर निवडून दे."

"मी?"

"मग कोण? रविवारी ये."

त्या रविवारपर्यंत मी धड जेवले नाही. लिनक्सवर डोळ्यांनी अधू असलेली माणसं काय वापरतात ते शोधलं. बोलणारे, अक्षरं वाढवणारे, रंग उलटे करणारे, असे सात एडिटर लॅपटॉपवर बसवले, प्रत्येक तीन-तीनदा चालवून बघितला. येरमाळ्याला उतरले तेव्हा पाठ घामानं ओली होती. दुकानात टायरांच्या चवडीआडून भावाच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, हाक मारली आणि मागच्या खोलीत नेलं. सर खाटेवर बसले होते. बारीक झाले होते. खांद्यावर चुना नव्हता. खोली एवढी लहान होती की भिंत धरायची गरजच नव्हती.

मी बसायच्या आधीच बोलून टाकलं. थांबले असते तर जन्मात बोलले नसते. "सर, त्या दिवशीचा एडिटर मी टाकला होता."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"जिन्यातच कळलं. तोंडानं न्हाय म्हणलीस, पर हात गार पडला की तुझा."

मला रडू फुटलं. तीन वर्षं मी खिडकी बदलत होते आणि हा माणूस सगळं जाणून इथं बसला होता. "मग बोलला का नाहीत सर? शिव्या तरी द्यायच्या."

"काय बोलू? डोळ्याचं म्या लपवलं, एडिटरचं तू लपवलं. फिट्टमफाट." ते हसले. मग म्हणाले, "पर वाईट वाटलं मला. खोटं कशाला सांगू. वीस वर्सं शिकवलं, आणि शेवट असा झाला. लई वाईट वाटलं."

फिट्टमफाट म्हटल्यानं मला जेवढं हलकं वाटलं होतं, ते या वाक्यानं परत गेलं. आणि जावंच, असंही वाटलं. वहिनींनी पाणी दिलं. मी खुर्चीवर टेकले, डोळे पुसले, लॅपटॉप उघडला आणि नेहमीसारखी घाबरून भराभर बोलू लागले. सर, हा बघा, हा प्रत्येक ओळ वाचून दाखवतो, आवाज बदलता येतो. हा दुसरा, यात अक्षरं कितीही मोठी होतात. मला वाटतं तुमच्यासाठी हाच बरा, मी हाच बसवून जाते, तुम्ही काही काळजी करू नका...

सर ऐकत होते. मान हलवत होते. आणि माझीच जीभ अडखळली. मी पुन्हा तेच करत होते. मी लॅपटॉप मिटला.

"सर," मी म्हणाले, "तुम्हाला नेमकं किती दिसतं?"

ते चपापले. मग उजवा हात लांब केला, अंगठा आणि बोट जुळवून बांगडीहून लहान गोल केला आणि तो हळूहळू सरकवत माझ्यावर आणून थांबवला.

"एवढं," म्हणाले. "तुझं नाक-डोळे मावायलेत. जरा मागं सर, म्हंजी तोंड अख्खं दिसंल."

मी खुर्ची हातभर मागं सरकवली.